फुलाच्या नावाची हाक

तुमच्या घरात, नाहीतर ओळखीच्या घरात, फुलाचं नाव असलेली एखादी मुलगी असेल. जाई असेल, सायली असेल, प्राजक्ता असेल. वयानं मोठी असेल तर शेवंताबाई असेल. तिचं नाव मनात आणा. घाई नको. हातातलं काम बाजूला ठेवा, पाठ टेकून बसा आणि ओठ न हलवता ते नाव एकदा उच्चारा. आधी काय आलं, चेहरा की फूल, एवढंच बघा.

बहुतेकांना चेहरा आधी दिसतो. फूल मागून येतं, कधी येतही नाही. रोजच्या हाकेत ते झिजून गेलेलं असतं. आज थोडा वेळ काढून आपण त्या फुलापर्यंत परत जाऊ, आणि तिथून पुन्हा त्या माणसापर्यंत येऊ.

एखादी गोष्ट मनात मुरवायची तर आपल्याकडे तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: श्रवण, मनन आणि निदिध्यासन. आधी नीट ऐकायचं, मग त्यावर विचार करायचा, मग ते घेऊन राहायचं. उपनिषदांनी हा क्रम आत्मज्ञानासाठी सांगितला. लेकराच्या नावासाठी वापरला तर कुणाची हरकत नसावी. सोबतीला एकच नाव घेऊ: कुसुम. आता बारशाला हे नाव फारसं निघत नाही. म्हणूनच ते सोयीचं आहे. नव्या नावाची नवलाई त्यावर नाही आणि ते कुणाला सुचवायचंही नाही, त्यामुळे निवांत ऐकता येईल.

श्रवण

अकोल्यात मोर्णेच्या काठची, जुन्या वस्तीतली एखादी गल्ली डोळ्यांपुढे आणा. दिवेलागणीची वेळ आहे. घराघरांतून पोरांना हाका चालल्या आहेत. ‘कुसमे, घरात ये वं!’ ही हाक ऐकायला साठ-सत्तर वर्षं मागं जावं लागेल. जा, आणि ऐका. शाळेच्या पटावर ती कुसुम, घरात कुसमी, आई चिडली की कुसमे, सासरी कुसुमबाई, आणि नातवंडं झाली की कुसुमआजी. नाव एकच, पण हाक मारणारा बदलला की त्याचा रंग बदलतो. नाव कागदावर असतं तेव्हा ते सगळ्यांचं सारखंच असतं. ते खरं कळतं ते हाकेत.

आणखी मागं गेलात तर शेवंता, गुलाब, चंपा, फुला ऐकू येतील. ही परसातली, वेणीतली, देव्हाऱ्यापुढची फुलं. लेकी शाळेत जाऊ लागल्या तशी नावंही पुस्तकातल्या संस्कृताकडे वळली: कुसुम, सुमन, पुष्पा, कमल, नलिनी, मालती. यातली पहिली तीन तर कोणत्याच एका फुलाची नाहीत. जे उमलेल त्या सगळ्यांना ती चालतात. त्यांच्या लेकीसुनांच्या वेळी नेमकी फुलं परतली: प्राजक्ता, केतकी, शेफाली, निशिगंधा, सायली, अबोली. आता जाई आणि जुईपर्यंत येऊन नावं दोन अक्षरांवर थांबली आहेत. ती पाळण्यात शोभतात, आणि पुढंमागं मुलगी परदेशी गेली तर तिथल्या जिभांनाही जड जात नाहीत.

नावरास बघणाऱ्या घरांत या आवडीनिवडीत आभाळही हात घालतं. उत्तराषाढा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर ‘जा’. त्या वेळी जन्मलेल्या मुलीच्या घरात कुणीतरी जाई सुचवणारच. शततारकेच्या दुसऱ्या चरणाला ‘सा’ येतो आणि सायली पुढं होते. एखादं नाव का चाललं याचं एकच कारण कधी सापडत नाही. पंचांग असतं, मालिकेतली नायिका असते, आणि आतेबहिणीच्या मुलीचं तेच नाव आधीच पडलेलं असल्यामुळे गळालेलं नावही असतं.

गल्लीत अजून थोडं थांबा. चार घरं पुढं यास्मिनला हाक येते आहे, पलीकडून नर्गिसला. यास्मिन म्हणजे आपल्या जाई-चमेलीच्या कुळातलं फूल. एकाच वासाच्या दोन मुली एकाच गल्लीत लहानाच्या मोठ्या होतात आणि एकमेकींच्या नावातलं हे नातं त्यांना ठाऊकही नसतं. बुद्धविहाराजवळच्या घरात उत्पला आहे. उत्पल म्हणजे निळं कमळ. बुद्धांच्या काळातल्या थोर भिक्खुणी उप्पलवण्णा यांच्या नावात तेच आहे. हाका वेगवेगळ्या अंगणांतून येताहेत आणि अर्थ मात्र बागेत जमताहेत.

आता हाकेच्याही आधीचा क्षण ऐका, बारशाचा. पाळणा सजला आहे. गोविंद-गोपाळाचं नाव घेत बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून वरून फिरवलं आहे. पितळी पातेल्यात घुगऱ्या वाफाळताहेत. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते, नाव सांगते आणि ‘कुर्रर्र’ करते. मागं उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत लाडाचे धपाटे घालतात. या सगळ्या गलक्यात ते नाव पहिल्यांदा ज्याच्यापर्यंत पोचतं त्या जिवाला त्यातलं काहीच कळत नाही. कुसुम म्हणजे फूल, हे त्याला ठाऊक नाही. फूल म्हणजे काय, तेही नाही. कानाशी आलेली ऊब आणि ओळखीचा आवाज, एवढाच त्या नावाचा त्याच्यासाठी पहिला अर्थ.

मनन

आता प्रश्न विचारू. मुलीला फुलाचं नाव देताना आपल्या मनात नेमकं काय असतं? प्रामाणिकपणे उत्तर द्या. कुणी ऐकत नाही. बहुधा तीन गोष्टी निघतील. ती सुंदर असावी, तिचा स्वभाव गोड असावा, आणि ती नाजूक आहे, तिला जपायला हवं. पहिल्या दोन इच्छा आहेत. तिसरी मात्र इच्छा नाही, तो आपण आधीच लावलेला निकाल आहे. तिच्यापाशी थोडं थांबू.

हा निकाल जुना आहे आणि त्याची एक गोष्ट आपल्याच प्रदेशाशी जोडलेली आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तली इंदुमती ही विदर्भाची राजकन्या, भोजराजाची बहीण. तिनं स्वयंवरात अजाला वरलं. पुढं एकदा दोघं बागेत असताना आकाशातून जाणाऱ्या नारदांच्या वीणेवरची फुलमाळ सुटून तिच्या अंगावर पडते आणि तेवढ्यानं तिचा प्राण जातो. फुलांनी मरावी इतकी कोमल स्त्री! काव्य म्हणून ते मोठंच आहे. पण विदर्भाच्या लेकीचं हेच चित्र मनात ठेवून आपण आजही पाळण्याकडे बघतो का, हे ज्यानं त्यानं तपासावं.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. अरविंद, राजीव, पंकज, नीरज. ही सगळी कमळं आहेत. तुमच्या ओळखीच्या एखाद्या अरविंदरावांना आठवा. नावात कमळ आहे म्हणून ते कोमेजतील, अशी काळजी त्यांच्या आईवडिलांनी कधी केली असेल का? पुंडलिक हे तर वऱ्हाडात घरोघरी सापडणारं नाव. त्याचं मूळ पुंडरीक, म्हणजे पांढरं कमळ. कौंडिण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा शेकडो राकट गळ्यांतून हेच कमळ गर्जत असतं आणि ते फूल आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. फूल मुलाच्या नावात आलं की आपल्याला त्यात तेज ऐकू येतं, प्रसन्नता ऐकू येते. मुलीच्या नावात आलं की नाजूकपणा ऐकू येतो. म्हणजे नाजूकपणा फुलात नव्हता. तो आपल्या कानात होता.

हे वाक्य लगेच मान्य करू नका. पारखून घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला ६ जुलै १८८१ रोजी मोहोडांच्या शेतकरी घरात एक मुलगा जन्मला. त्याचं नाव गुलाब. वर्षाच्या आतच त्याची दृष्टी गेली. ज्याच्या नावात फुलाचा रंग होता त्याला रंग कधी दिसायचाच नव्हता. हाच मुलगा पुढं प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज झाला. माधान गावी राहून, दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि आपलं लेखन सांगून लिहून घेऊन, त्यांनी वेदान्तापासून आयुर्वेदापर्यंत शंभराहून अधिक ग्रंथ रचले. स्वतःला त्यांनी ज्ञानेश्वरकन्या म्हणवलं आणि कृष्णाची मधुराभक्ती करताना कुंकू-मंगळसूत्रही धारण केलं. १९१५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. आता त्यांचं नाव पुन्हा उच्चारा: गुलाबराव. ऐकू आला का नाजूकपणा? नाव तेच आहे, फूल तेच आहे. त्या माणसानं त्याचा अर्थ बदलून टाकला.

फुलाबद्दल वऱ्हाडच्या मातीला काय वाटतं, तेही बघू. श्रावण-भादव्यात अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाताना दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी असते. मनानं एका वावरात उतरा आणि एका झाडाशी वाका. आधी पात्या दिसतील, तीन दातेरी हिरव्या पानांत गुंडाळलेल्या. सकाळी त्यातली एक उमलते. पाकळ्या पाच, रंग सायीसारखा फिकट, पोत चुरगळलेल्या तलम कापडाचा. वास जवळजवळ नाही. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालेलं असतं. मग ते सुकतं आणि गळून पडतं, आणि त्याच्या जागी इवलंसं हिरवं बोंड उरतं. दीड-दोन महिन्यांनी ते बोंड फुटतं तेव्हा त्यातून घराचा वर्षाचा खर्च निघतो, किंवा निघत नाही. या दोन दिवसांच्या फुलाकडे शेतकरी ज्या नजरेनं बघतो त्या नजरेत कौतुक कमी आणि हिशेब जास्त असतो. पाऊस लागून राहिला, पात्या-फुलं गळाली, की घर गप्प होतं.

ज्या फुलावर वऱ्हाड उभा आहे त्या फुलाचं नाव मात्र इथं कुणी लेकीला ठेवलेलं ऐकिवात नाही. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ कपाशीच्या वाणाला ‘पीकेव्ही रजत’ असं नाव देतं. पण पऱ्हाटीचं फूल पाळण्यापर्यंत आलं नाही. संत्र्याचंही तेच. वरुड-मोर्शीच्या बागांत आंबिया बहार फुलतो तेव्हा त्याच्या वासानं रस्ता भरून जातो, तरी तो कुणाच्या नावात शिरला नाही. असं का, याचा विचार करून बघा. मला वाटतं, कष्टाचं फूल आपण नावासाठी निवडत नाही. लेकीच्या वाट्याला तेच कष्ट येऊ नयेत, अशी त्यामागं माया असेल. पण वेचणीला पहाटे वावरात शिरणाऱ्या, ओटीत कापूस भरून बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी बोटं खरचटून घेणाऱ्या बायांची नावं वाचा. त्यात कुसुम आहे, पुष्पा आहे, शेवंता आहे. नावातल्या मायेनं कष्ट चुकले नाहीत, आणि कष्टांनी ते नाव कमी सुंदरही केलं नाही.

आणखी एक फूल बघा, करडईचं. त्याला जुना शब्द कुसुंभ. कुसुंबी रंग त्याचाच. पिवळं-नारिंगी देखणं फूल, आणि भोवती काटेच काटे. त्या काट्यांसाठीच शेतकरी हरभऱ्या-गव्हाच्या कडेनं करडईची तासं घालतो, म्हणजे गुरं आत शिरत नाहीत. शेताची राखण करणारं फूलही फूलच.

निदिध्यासन

आता विचार थोडा वेळ खाली ठेवा आणि एका माणसाच्या सोबतीनं बसा.

१९०४ साली अमरावतीत जयवंतांच्या घरी मुलगी झाली, तिचं नाव कुसुम. तिकडे मूर्तिजापूरला १९०१ साली आत्माराम रावजी देशपांडे जन्मले होते. पुढं त्यांनी ‘अनिल’ या नावानं कविता लिहिली. अनिल म्हणजे वारा. १९२९ साली दोघांचं लग्न झालं. लग्नाआधीच्या काळात त्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं १९७२ साली पुस्तकरूपानं आली. पुस्तकाचं नाव ‘कुसुमानिल’. फुलानं वाऱ्यापुढं मान टाकावी, असा जुना संकेत. इथं दोन्ही नावं एका शब्दात शेजारी बसली, आणि आधी आलं ते फूल.

कुसुमावती देशपांडे इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या. त्यांनी कथा लिहिल्या, समीक्षा लिहिली, मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपी आढावा घेतला. १९६१ साली ग्वाल्हेरला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. पहिलं संमेलन १८७८ सालचं. मधली त्र्याऐंशी वर्षं त्या खुर्चीवर एकही स्त्री बसली नव्हती. पहिल्या बसल्या त्या अमरावतीच्या कुसुम. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या. आता त्यांचं नाव ऐका. फूल आहेच, पण ते एकटं नाही. त्याच्यासोबत वाचलेली पुस्तकं आहेत, लिहिलेली पानं आहेत, भरल्या मांडवासमोरचं भाषण आहे. अमरावतीच्या पाळण्यात कुणी आत्यानं हे नाव कानात सांगितलं तेव्हा यातलं काहीही त्या नावात नव्हतं. ते त्यांनी भरलं.

अनिलांचा पहिला कवितासंग्रह १९३२ चा, नाव ‘फुलवात’. कुसुमावतींचा कथासंग्रह दोन वर्षांनी आला, ‘दीपकळी’. एकाच्या शब्दात वात फूल झाली, दुसरीच्या शब्दात ज्योत कळी झाली. दोघंही कापसाच्या मुलखातले. इथल्या देवघरात म्हातारी आजी फुलवात करते ते तुम्ही पाहिलं असेल. नसेल तर आता बघा. ती बोंडातला कापूस घेते, बोटांनी चाचपत सरकी काढते, कापूस विस्कटून हलका करते. मग चिमूटभर कापूस गोल पसरून मधोमध वर उचलते आणि दुधात बोट बुडवून टोकाला पीळ देते. खाली फूल, वर शेंडा. निरांजनात बसली की ती सरळ उभी राहते. पऱ्हाटीचं ते बिनवासाचं, बिननावाचं फूल घरात येतं ते असं, आणि तेव्हा कुठं आपण त्याला फूल म्हणतो.

ते बघत थोडा वेळ बसा. काही शोधू नका.

मग तुमच्या मनातलं नाव परत आणा, सुरुवातीला घेतलं होतं ते. जाई असो, प्राजक्ता असो, यास्मिन असो. आता त्या नावापुढं वेगवेगळ्या गोष्टी ठेवून बघा. डॉक्टर जाई. सरपंच जाईताई. एसटीच्या स्टिअरिंगवर बसलेली जाई. कोर्टात उलटतपासणी घेणारी जाई. वयाच्या ऐंशीव्या वर्षी अमरावतीच्या राजकमल चौकात रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालणारी जाईआजी. कुठं नाव अडलं का? अडलं असेल तर ते नावानं अडवलं की तुमच्या कानानं, हे शांतपणे बघा. बहुधा कानानं. दोनचार वेळा म्हटलं की अडथळा जातो.

असंच पुन्हा उलट करून बघा. अरविंदला, पंकजला, पुंडलिकला त्यांच्या नावातलं फूल परत द्या. हे थकलेले, घरात कमी बोलणारे पुरुषही कुणीतरी कमळ म्हणून जगात आणले होते, हे एकदा लक्षात घ्या. त्यांनाही थोडं जपायला हवं होतं, एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ.

भावानं बहिणीचं नाव कसं सांभाळावं याचं उदाहरण मराठीत शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. विष्णु वामन शिरवाडकरांना कुसुम नावाची एकुलती धाकटी बहीण होती. तिचा थोरला भाऊ म्हणून त्यांनी कुसुमाग्रज हे नाव घेतलं. १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार ज्या नावाला मिळाला ते नाव आधी एका बहिणीचं आहे. २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन पाळतो तो याच कुसुमच्या भावाचा जन्मदिवस. फुलाचं नाव जपण्याचा हा एक प्रकार: त्याच्याभोवती कुंपण न घालता आपण त्याच्या मागं उभं राहणं.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे किंवा नुकताच हलू लागला आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. फुलाचं नाव जरूर ठेवा. चालू नाव असो की आजीच्या वेळचं, त्यानं काही बिघडत नाही. चलन पंधरा-वीस वर्षांत बदलतं, हाक मात्र जन्मभर पुरते. कुसुम, सुमन, बकुळ ही नावं पुन्हा काढायलाही हरकत नाही. फक्त त्या नावासोबत नाजूकपणाचा निकाल पाळण्यात टाकू नका. कोणतं फूल व्हायचं, जाईचं की करडईचं, ते तिला ठरवू द्या. आणि बारशाच्या गडबडीत नाव ठरलंच नाही, तरी घाबरू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, पण नाव भरायला नोंदणीपासून बारा महिन्यांची मुदत असते, आणि त्यानंतरही शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते घालता येतं.